गृहार्थी आणि त्याचे वर्तमानपत्र

ज्याला विद्या हवी असते तो विद्यार्थी, या धर्तीवर ज्याला घर हवे असते त्याला गृहार्थी म्हणायला व्याकरणाची हरकत नसावी. दोघांत फरक एवढाच की विद्यार्थ्याला विद्या न मिळताही पदवी मिळू शकते, तर गृहार्थ्याला घर मिळण्याच्या पुष्कळ आधी हप्ता मिळतो. पुणे आणि त्याच्या परिसरात या जमातीची वस्ती दाट असून, ती अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर जगते, घरमालकाच्या परवानगीने भिंतीत खिळा ठोकते आणि रविवारी सकाळी पोहे खाऊन 'साइट' पाहायला बाहेर पडते. तिच्या आर्थिक परिस्थितीविषयी बरेच लिहिले गेले आहे. तिच्या वाचनाकडे मात्र अभ्यासकांचे दुर्लक्ष झाले. वस्तुतः घर घ्यायचे ठरल्यापासून दस्त नोंदला जाईपर्यंत मराठी माणूस जितक्या बारकाईने वर्तमानपत्र वाचतो, तितक्या बारकाईने तो ते ना आधी वाचतो ना नंतर, आणि त्या काळात छापून आलेल्या प्रत्येक बातमीत, मग ती पावसाची असो की बिबट्याची, त्याला स्वतःचे न घेतलेले घर दिसू लागते.

या वाचनाचा आरंभ पहिल्या पानापासून, किंबहुना पहिल्या पानाच्याही आधीपासून होतो. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया व दसरा हे तीन पूर्ण आणि बलिप्रतिपदा हा अर्धा, असे जे साडेतीन मुहूर्त परंपरेने मानले आहेत, त्यांच्या आसपास वर्तमानपत्राचे पहिले पान शोधून काढावे लागते, कारण त्याच्यावर गुळगुळीत जाहिरातीची एकदोन पाने झबल्यासारखी चढवलेली असतात आणि त्यांवर एक हसरे मूल, एक लॅब्राडोर आणि मैलभर हिरवळ यांच्यामागे एक मनोरा उभा असतो. सामान्य वाचक हे झबले उतरवून बातम्यांकडे वळतो, तर गृहार्थी बातम्या बाजूला सारून झबल्याकडे वळतो आणि या वाङ्मयाचे व्याकरण हळूहळू आत्मसात करतो. 'पासून' हे शब्दयोगी अव्यय किमतीच्या आकड्याला लागले असता त्या किमतीचे घर खरोखरच असते, पण ते नेमके काल संध्याकाळी विकले गेलेले असते. 'मिनिट' हे येथे वेळेचे नव्हे तर लांबीचे एकक असून, 'महामार्गापासून ५ मिनिटे' यातील मिनिटे बहुधा लक्ष्मीपूजनाच्या रात्री दोन वाजता, रस्त्यावर चिटपाखरू नसताना मोजलेली असतात. 'निसर्गाच्या कुशीत' या शब्दसमूहाचा अर्थ त्याच अंकाच्या पाचव्या पानावर 'सोसायटीच्या आवारात बिबट्याचा वावर, नागरिकांत घबराट' या मथळ्याखाली सविस्तर दिलेला असतो.

आकारमानाची संज्ञा याहून गहन आहे. पूर्वी घर 'सुपर बिल्ट-अप' या मापाने विकले जात असे, म्हणजे खोल्यांच्या क्षेत्रफळात जिना, लिफ्ट, मार्गिका यांचा वाटा मिसळून जो आकडा निघे त्यावर पैसे घेतले जात, आणि या मिसळणीला व्यवसायात 'लोडिंग' असे मालवाहतुकीला शोभेल असे नाव होते. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६, म्हणजेच सर्वतोमुखी झालेला 'रेरा', याने ही प्रथा मोडून विक्री चटई क्षेत्रावर, अर्थात कार्पेटवर आणली आणि १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात महारेरा हे प्राधिकरण कामाला लागले. चटई क्षेत्र म्हणजे जेथे चटई अंथरता येते ते क्षेत्र, असे कोणाही शहाण्या माणसाला वाटेल. परंतु अधिनियमातील व्याख्येप्रमाणे बाहेरच्या भिंती, नळ-वाहिन्यांचे उभे मार्ग, बाल्कनी आणि खुली गच्ची या क्षेत्रातून वगळायची, तर घरातल्या आतल्या भिंतींखालची जागा मात्र धरायची. म्हणजे बाल्कनी, जेथे उन्हाळ्यात चटई प्रत्यक्ष अंथरली जाते, ती चटई क्षेत्रात नाही आणि स्वयंपाकघराची भिंत, जिच्यावर कोणीही कधी झोपलेले नाही, ती आहे. कायद्याने केलेले हे काम मोठे आहे यात शंका नाही, आणि भिंतीचे पैसे आता निदान उघडपणे द्यावे लागतात, हीदेखील प्रगतीच म्हणावी लागेल. लोडिंगची परंपरा लेखी स्वरूपात संपली असली तरी मौखिक स्वरूपात टिकून आहे. विक्री कार्यालयातील तरुण 'सर, कार्पेट सातशे दहा, पण फील हजारचा येतो' असे म्हणतो तेव्हा जुने लोडिंगच 'फील' हे नवे नाव धारण करून आलेले असते.

या 'फील'चे उगमस्थान म्हणजे सॅम्पल फ्लॅट, म्हणजे इमारत उभी राहण्यापूर्वी नमुन्यादाखल बांधून सजवलेले घर. याचे बारकाईने निरीक्षण करणे अभ्यासकाला लाभदायक ठरते. खोल्यांना चौकटी असतात पण दारे नसतात, कारण दार उघडायला जी जागा लागते ती दार नसले की खोलीच्या नावावर जमा होते; कपाट भिंतीत इतके उथळ बसवलेले असते की त्यात हँगर आडवा राहात नाही; आणि पलंग असा बेताचा असतो की त्यावर जाहिरातीतले मूल झोपू शकेल, त्याचे वडील नाही. अनुभवी कुटुंबातील आजी अशा वेळी काहीही न बोलता पलंगाजवळ जाते, पदर सावरून त्यावर आडवी होते, आणि पाय बाहेर आलेले दाखवून सुनेला म्हणते, 'बघ गं, मी पाच फूट.' त्यानंतर विक्री कार्यालयातील तरुण सर्वांना कॉफी आणायला जातो.

वर्तमानपत्राच्या आतल्या पानांत 'जाहीर नोटीस' नावाचा एक मजकूर असतो, जो इतर वाचकांच्या दृष्टीने पान भरण्यासाठी आणि गृहार्थ्याच्या दृष्टीने जगण्यासाठी आवश्यक असतो. एखादी मिळकत खरेदी करण्यापूर्वी तिच्या मालकीहक्काची छाननी करणारा वकील अशी नोटीस देऊन तमाम लोकांस कळवतो की सदर मिळकत त्याचे अशिलास निर्वेध व बोजारहित असल्याची खात्री दिलेली असून, तीवर कोणाचा गहाण, दान, वारसा, पोटगी, कुळ-वहिवाट अथवा अन्य कोणताही हक्क असल्यास त्याने ठरावीक दिवसांचे आत मूळ कागदपत्रांनिशी हरकत घ्यावी, न पेक्षा तसा हक्क नाही अथवा असल्यास सोडून दिला आहे असे समजण्यात येईल. या गद्याला जी भारदस्त लय आहे ती मराठीत अन्यत्र फारशी उरलेली नाही. खाली मिळकतीच्या चतुःसीमा, म्हणजे चारही बाजूंना काय आहे याचे वर्णन, दिलेले असते आणि जाहिरात व नोटीस शेजारी ठेवून वाचण्याची सवय ज्याने लावून घेतली त्याचे पुष्कळ पैसे वाचू शकतात, कारण जाहिरातीत ज्याला 'वॉटरफ्रंट' म्हटलेले असते त्याला नोटिशीत 'पूर्वेस: ओढा' एवढेच म्हटलेले असते.

याच टप्प्यावर गृहार्थ्याच्या शब्दसंग्रहात सातबारा येतो. गाव नमुना ७ हा जमिनीच्या हक्कांचा अभिलेख आणि गाव नमुना १२ ही पिकांची नोंदवही, या दोहोंचा मिळून सातबारा होतो, ही गोष्ट ज्याचे आजोबा शेती सोडून शहरात आले त्याला चाळिसाव्या वर्षी नव्याने शिकावी लागते. 'सातबारा कोरा करा' ही शेतकऱ्यांची कर्जमुक्तीची मागणी तो आजवर बातम्यांत निर्विकारपणे वाचत आला होता. आता इतर हक्कांच्या रकान्यात एखाद्या पतपेढीचा जुना बोजा दिसला की कोरेपणाची तीच तळमळ त्यालाही समजते, आणि बिल्डरच्या माणसाला 'बोजा उतरला का?' असे तो रोज अशा स्वरात विचारू लागतो की शेजारच्या टेबलावरच्या माणसाला घरात कोणाचा ताप उतरायचा आहे असे वाटावे.

'प्रस्तावित' या विशेषणाचा स्वतंत्र विचार करणे प्राप्त आहे, कारण घराच्या किमतीत सिमेंट आणि सळई यांच्या खालोखाल याच शब्दाचा वाटा असावा. जी गोष्ट अजून झालेली नाही, पण होणार असल्याचे सांगून तिचे पैसे आज घेता येतात, ती प्रस्तावित होय. पुणे मेट्रोचे भूमिपूजन २४ डिसेंबर २०१६ रोजी झाले आणि वनाझ ते गरवारे महाविद्यालय हा पहिला टप्पा ६ मार्च २०२२ रोजी धावू लागला. मधल्या पाच वर्षांत मेट्रो कोठेही धावत नसताना ती जाहिरातींच्या नकाशांवर मात्र वेळेवर धावत होती. रस्त्यांचेही तसेच आहे. शहराच्या विकास आराखड्यात दाखवलेल्या रस्त्याला डीपी रस्ता म्हणतात, आणि तो पाहायला गेले असता दोनशे मीटरनंतर त्याच्या मध्यभागी बहुधा एक गोठा, एक आंब्याचे झाड आणि भूसंपादनाचा मोबदला न पटलेला एक शेतकरी आढळतो. पुण्याच्या १९८७ च्या विकास आराखड्यात आखलेला उच्च क्षमतेचा वर्तुळाकार मार्ग नकाशावरच वर्तुळ पूर्ण करून बसला आहे.

परंतु प्रस्तावितपणाचा उत्तम नमुना म्हणजे विमानतळ. नवी मुंबई विमानतळाचे भूमिपूजन फेब्रुवारी २०१८ मध्ये झाले आणि उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी. उलवे-पनवेल भागात त्याच्या नावाने घरे विकण्याचे काम भूमिपूजनाच्याही पुष्कळ आधी सुरू झालेले होते आणि तेथे घर घेतलेल्यांची मुले विमानाची वाट पाहता पाहता दहावी झाली. पुण्याच्या नव्या विमानतळाने याहून वरची पातळी गाठली. आधी त्याचे नाव चाकणला जोडले गेले, मग तो खेड तालुक्यात फिरला आणि २०१६ मध्ये त्याने पुरंदरकडे झेप घेतली. विमाने उडण्यापूर्वी विमानतळच असा उडत राहिल्याचे उदाहरण विरळा असेल, आणि जेथे जेथे तो क्षणभर टेकला तेथे तेथे 'गुंठेवारी'वाल्यांच्या पाट्या उगवल्या. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, एका एकरात चाळीस. पण विमानतळाचा वारा त्याला लागला की त्याचे माप तेच राहून वजन वाढते. ज्या सात गावांची जमीन पुरंदरच्या विमानतळासाठी जायची आहे तेथील शेतकऱ्यांचा विरोध त्याच वर्तमानपत्राच्या त्याच पानावर छापून येतो, आणि गृहार्थी ती बातमी वाचताना प्रथम हळहळतो व नंतर आपला प्लॉट हद्दीच्या अलीकडे की पलीकडे हे पाहतो. ही मनोवृत्ती फारशी उदात्त नाही, पण ती सार्वत्रिक आहे.

गावे शहरात येण्याचीही एक पद्धत आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ आणि जून २०२१ मध्ये आणखी २३ गावे पुणे महापालिकेत समाविष्ट झाली, तेव्हा तेथील रहिवासी रात्री ग्रामपंचायतीत झोपून सकाळी महापालिकेत उठले. अशा स्थलांतरात मिळकतकराचे बिल पहिल्या गाडीने येते आणि पाण्याची वाहिनी मागून, सामान घेऊन, रमतगमत येते. तोवर टँकर असतो. ज्या सोसायटीच्या माहितीपत्रकात जलतरण तलाव सर्वांत ठळक असतो तिच्या प्रवेशद्वारावर सकाळी सहा वाजता दहा हजार लिटरचे टँकर रांगेने उभे असलेले दिसतात, हे दृश्य पाहिलेला गृहार्थी 'शहरात पाणीकपातीचे संकेत' ही बातमी वाचून कातरून ठेवतो आणि खडकवासला साखळीतील चार धरणांचा एकत्रित साठा किती टीएमसी, म्हणजे किती अब्ज घनफूट, हे रोज सकाळी चहाच्या आधी वाचू लागतो.

पावसाळ्यात मात्र प्रश्न उलटा होतो. नदीच्या दोन्ही काठांना पाटबंधारे खाते दोन रेषा आखते. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. या रेषा काहीही सांगोत, 'रिव्हर व्ह्यू' असलेल्या घराला नदीच्या बाजूचे म्हणून चौरस फुटामागे जादा दर पडतो. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून विसर्ग वाढल्यावर सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी परिसरातील सोसायट्यांत पाणी शिरले, तेव्हा पुण्यातील तमाम गृहार्थ्यांनी छायाचित्रांतील पाण्याची पातळी मजल्यांत मोजली. त्या आठवड्यात 'नदी किती लांब आहे?' हा प्रश्न विक्री कार्यालयांत प्रथमच चिंतेने विचारला गेला असावा, आणि ज्या तरुणाने गेल्याच आठवड्यात 'सर, बेडमधून नदी दिसते' असे सांगितले होते त्यालाच आता 'दिसते, पण तशी बरीच लांब आहे' असे सांगावे लागले असेल.

घर कधी घ्यावे याविषयी दोन शास्त्रे परस्परविरोधी आहेत. अर्थशास्त्र सांगते की मागणी मंद असते तेव्हा भाव पाडून मिळतो, आणि मागणी सर्वांत मंद असते ती पितृपंधरवड्यात. धर्मशास्त्र, निदान ते घरोघर ज्या स्वरूपात उपलब्ध असते त्या स्वरूपात, सांगते की त्या पंधरा दिवसांत टोकन देऊ नये. हा तिढा अनेक घरांत साधारण एकाच संवादाने सुटतो. 'अरे, पितरांच्या दिवसांत पैसे देतोस? तुझ्या आजोबांना काय वाटेल?' असे वडील विचारतात. 'अहो बाबा, आजोबा जन्मभर भाड्यानं राहिले. त्यांना बरंच वाटेल,' असे मुलगा सांगतो. वडील थोडा वेळ गप्प राहतात आणि मग १९८० साली कोथरूडमध्ये अगदी किरकोळ किमतीत मिळत असलेला आणि न घेतलेला प्लॉट सविस्तर आठवतात. प्रत्येक पुणेकर कुटुंबाच्या मालकीचा असा एक न घेतलेला प्लॉट असतोच. 'तेव्हा तिकडे कोल्हे ओरडायचे' हे तो न घेण्याचे एकमेव नोंदलेले कारण आहे, आणि न घेतलेल्या या प्लॉटांची बेरीज केली असता ती कोथरूडच्या एकूण क्षेत्रफळापेक्षा जास्त भरावी. मुंबईतील गृहार्थ्याची स्थिती निराळी असून, त्याला कोल्ह्यांऐवजी म्हाडाची सोडत आठवते, आणि सोडतीत दरवेळी आपल्याच आडनावाचा दुसरा कोणीतरी निघतो.

कर्ज मंजूर होण्याच्या सुमारास गृहार्थ्याची नजर अर्थविषयक पानावर जाते, जे पान आजवर खिडकीची काच पुसण्यासाठी राखून ठेवले जात असे. रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचे कर्ज देते तो रेपो दर, आणि तो ठरवणारी सहा सदस्यांची पतधोरण समिती साधारणतः दर दोन महिन्यांनी बसते. मे २०२० मध्ये ४ टक्के असलेला हा दर फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा झाला आणि जून २०२५ पर्यंत साडेपाचवर उतरला. या चढउतारात ज्यांचे कर्ज होते त्यांतील बहुतेकांचा हप्ता चढताना वाढला नाही. बँकेने उदार मनाने हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली, आणि पन्नाशीत कर्जमुक्त होणारा माणूस निवृत्तीनंतरही ग्राहक राहील अशी व्यवस्था झाली. ५० लाखांच्या कर्जावर साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी दरमहा सुमारे ४३,३९१ रुपयांचा हप्ता बसतो. त्यातील पहिल्या महिन्याचे ३५,४१७ रुपये व्याजात जातात आणि मुद्दल फिटते ७,९७४ रुपये, म्हणजे सातशे चौरस फुटांच्या घरातील न्हाणीघराच्या दोनचार फरशा पहिल्या महिन्यात खऱ्या अर्थाने आपल्या होतात, हे गणित गृहार्थी एकदाच मांडतो आणि ती वही पुन्हा सापडू नये अशा ठिकाणी ठेवतो.

दस्तनोंदणी हा या प्रवासातील संस्कार होय. ८ मार्च २०२१ रोजी, महिलादिनी, मांडलेल्या राज्याच्या अर्थसंकल्पात घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत जाहीर झाली आणि १ एप्रिलपासून लागू झाली. ८० लाखांच्या घरावर हे ८० हजार रुपये होतात. शतकभराच्या समाजसुधारणेने जे अनेक घरांत घडले नाही ते या एका टक्क्याने घडवले. सवलत संयुक्त नावाला मिळत नसल्याने नवरा दस्तातून पूर्णपणे वगळला जातो, हप्त्यात मात्र राहतो, आणि दारावरच्या पाटीसाठी आग्रह धरतो. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात प्रत्येकाचे छायाचित्र एका छोट्या कॅमेऱ्याने टिपले जाते, ज्यात सनदी लेखापालही नुकताच पकडून आणल्यासारखा दिसतो, आणि मग अंगठा लावला जातो. पदव्युत्तर शिक्षण, दोन भाषांतील वळणदार सही आणि वीस वर्षांची नोकरी पाठीशी असलेली बाई काचेवर अंगठा टेकवते, यंत्र तो घेत नाही, शिपाई 'ताई, जरा पुसून लावा' म्हणतो, ती ओढणीला पुसते, पुन्हा लावते, तिसऱ्या वेळी तिच्यामागे उभी असलेली सासू 'केसांना लाव, तेल लागेल' असे सुचवते आणि चौथ्या वेळी राज्याच्या अभिलेखात घर चढते.

येथे या अभ्यासातील सर्वांत लक्षणीय निरीक्षण नोंदवावे लागते. निबंधक कार्यालयाच्या पायऱ्या चढणारा आणि त्याच पायऱ्या उतरणारा माणूस एकच वर्तमानपत्र वाचत नाही. चढेपर्यंत 'घरांच्या किमती सर्वसामान्यांच्या आवाक्याबाहेर' या मथळ्याने त्याचे रक्त उसळत असे. उतरल्यावर तीच बातमी तो समाधानाने मोठ्याने वाचून दाखवतो. १ एप्रिलला रेडी रेकनरचे, म्हणजे शासनाच्या वार्षिक बाजारमूल्य तक्त्यांचे दर वाढले की पूर्वी तो सरकारला नावे ठेवी. आता 'आपल्याकडे फारच कमी वाढवले' म्हणून ठेवतो. जवळच्या मोकळ्या जागेवर नवा गृहप्रकल्प येणार असे कळताच, जो कालपर्यंत नव्या गृहप्रकल्पांच्या शोधात वणवण फिरत होता, तो पर्यावरण, वाहतूक आणि पाणी या तिन्ही विषयांवर सोसायटीच्या सभेत बोलतो.

ताबा मिळाल्यावर सामान लावण्याच्या दिवशी घरातल्या बाईला कडाप्प्याच्या मांडणीवर घालायला कागद लागतात, आणि तेव्हा सर्वांत जाड व गुळगुळीत म्हणून जपून ठेवलेले दसऱ्याचे झबले बाहेर येते. ते उलगडून, कडा दुमडून, पालथ्या हाताने सपाट केले जाते. मुलावर तेलाची बरणी येते, लॅब्राडोरवर मीठ, आणि खालच्या कोपऱ्यात, जेथे किमतीचा आकडा 'पासून' या शब्दासह छापलेला आहे, तेथे मिसळणाचा डबा. पुढच्या दसऱ्याला नवे झबले आले की घरातला पुरुष ते हातात घेऊन स्वयंपाकघरात जातो, डबा अलगद उचलतो, खालचा आकडा पाहतो, हातातला आकडा पाहतो आणि हळद सांडू न देता डबा जागेवर ठेवतो.